तोटी कोणी उघडी ठेवली? साडेसहा वर्षांच्या आदूची चूक आणि ती निस्तरणं

मी पहिली-दुसरीच्या वर्गांना शिकवते. हे प्रकरण माझ्या वर्गातल्या एका मुलाचं आहे. त्याला इथे आदू म्हणू. घराच्या ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत आणि लिहायला घरच्यांची संमती आहे. भांड्याच्या मावशींनाही विचारलं. त्या म्हणाल्या, "लिहा की, फक्त माझं नाव नका घालू."

पार्श्वभूमी

मराठवाड्यातलं एक शहर. नळाला पाणी आठव्या दिवशी येतं, कधी रात्री दोनला, कधी पहाटे पाचला. आदूचं घर दुमजली आहे. वर आदू, आई, बाबा, आजी आणि आजोबा राहतात. खाली भाडेकरू, एक नर्स आणि तिचा नवरा, पाच महिन्यांच्या बाळासह. मालकांची 1000 लिटरची टाकी गच्चीवर आहे. मागच्या अंगणात विटांच्या ओट्यावर 500 लिटरची काळी टाकी आहे. ती भाडेकरूंच्या वापराची, आणि तिच्याच तोटीवर मावशी दोन्ही घरांची भांडी घासतात. तोटीला हिरवा रबरी पाइप लावलेला असतो. हे सगळं लक्षात ठेवावं लागेल, कारण टाकी कोणाची यावरच पुढचं बरंच अवलंबून आहे.

आई एका पतसंस्थेत कामाला, बाबांची नोकरी फिरतीची. दिवसभर घर आजीच्या हातात. आजीचं पाण्याच्या बाबतीतलं बोलणं कडक असतं आणि त्याला कारण आहे. 2016 च्या उन्हाळ्यात त्या थोरल्या मुलाकडे लातूरला होत्या. मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींत भरलेलं पाणी 12 एप्रिलला पहिल्यांदा लातूरला पोचलं, दहा वाघिणींत मिळून पाच लाख लिटर, ते दिवस त्यांनी तिथे काढले. भाजी धुतलेलं पाणी त्या अजूनही कुंडीत ओततात. आदूच्या घरात ग्लास फुटला तर आजी "जाऊ दे" म्हणतात. पाणी सांडलं तर म्हणत नाहीत.

आदू बोलका, हाताला सतत काहीतरी लागणारा मुलगा. आदल्या पावसाळ्यात घरचे त्याला पैठणला घेऊन गेले होते. जायकवाडीच्या धरणाचे दरवाजे उघडलेले त्यानं पाहिले आणि सत्तावीस हा आकडा त्याच्या डोक्यात पक्का बसला. वर्गात बेरीज शिकवताना कुठलीही संख्या विचारली की आदू 27 म्हणायचा.

शनिवारी काय झालं

मार्चमधला शनिवार, दुपारी तीनचा सुमार. मावशी भांडी घासून गेल्या होत्या, आजी-आजोबा झोपले होते, आई कामावर होती. अंगणाच्या कोपऱ्यात कुंपणाच्या कामासाठी आणलेली वाळू होती. आदूनं वाळूचं धरण बांधलं, आइस्क्रीमच्या काड्या रोवून दरवाजे केले आणि तोटी उघडून पाइप मागच्या बाजूला सोडला. तेवढ्यात शेजारच्या घरातून मित्रानं हाक मारली आणि तो गेला.

तो परत आला तेव्हा अंगणात चिखल होता आणि तोटीतून थेंब थेंब पडत होतं. तिथे कोणी नव्हतं. त्यानं तोटी बंद केली, पाइप गुंडाळून खिळ्याला लावला आणि वर जाऊन हातपाय धुतले.

संध्याकाळी नर्सबाई ड्यूटीवरून आल्या. टाकी रिकामी, घरात बाळाच्या लंगोटांचा ढीग. पुढचं पाणी बुधवारी. आजी खाली आल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "तोटी कोणी उघडी ठेवली?" आदू जिन्यात उभा होता. तो म्हणाला, "मावशींनी."

कोणी दुसरा प्रश्न विचारला नाही. आजींनी तिथूनच मावशींना फोन लावला. मावशी म्हणाल्या, "काकू, मी तोटी बंद करूनच निघाले होते." आजी म्हणाल्या, "मग काय भूत आलं होतं? या महिन्यात पाण्याचे पैसे कापून घेईन." रविवारी मावशी कामाला आल्या नाहीत.

रविवारी सकाळी आई कपडे वाळत घालायला मागे गेली. पाइपाचं वेटोळं उलट्या बाजूनं गुंडाळलेलं होतं आणि शेवटी एक गाठ होती, बुटाच्या नाडीला मारतात तशी. ती गाठ तिनंच महिन्याभरापूर्वी आदूला शिकवली होती. कोपऱ्यात धरण तसंच होतं, नऊ काड्यांचं. दुपारी तिनं मला फोन केला.

खरा प्रश्न कोणता होता

फोनवर आईचं पहिलं वाक्य होतं, "बाई, पाचशे लिटर पाणी घालवलं हो यानं." मावशींचं नाव तिच्या बोलण्यात पाचव्या-सहाव्या वाक्यात आलं. मी हे मुद्दाम नोंदवते आहे, कारण आदूच्या मनातलं मापही हेच होतं. पाणी ही मोठी गोष्ट, मावशींचं नाव ही लहान.

या वयाच्या मुलांचा न्याय बहुधा नुकसानीच्या आकाराकडे बघून होतो. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी 1932 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एका मुलानं दार ढकललं, दारामागे ट्रे आहे हे त्याला माहीत नव्हतं, आणि 15 कप फुटले. दुसरा आई घरात नसताना कपाटातला जॅम काढायला गेला आणि त्याच्या हातून एक कप फुटला. जास्त वाईट कोण? लहान मुलं म्हणायची, 15 कपवाला. कप जास्त फुटले ना. माझ्या वर्गात दरवर्षी याची प्रचिती येते. शाईचा मोठा डाग पाडणारा "जास्त गुन्हेगार" ठरतो, मग तो डाग धक्का लागून पडलेला का असेना.

म्हणजे रिकामी टाकी पाहताना आदूला जो गुन्हा दिसला, तो त्याच्या उंचीपेक्षा मोठा होता. त्यातून सुटायला त्यानं जे केलं ते त्याला तोंडातून निघालेला एक शब्द वाटला. आम्हा मोठ्यांचं काम हे माप उलटं करण्याचं होतं. तोटी राहिली हा विसर होता. दुसऱ्याच्या नावावर ढकललं ही वेगळी गोष्ट होती आणि जास्त जड.

आणखी एक गोष्ट फोनवर मी बोलले नाही, पण माझ्या वहीत त्याच दिवशी लिहिली होती. आदूनं नाव सांगितलं मावशींचं, बाबांचं नाही, नर्सबाईंचं नाही. साडेसहा वर्षांच्या मुलाला कळलं होतं की या घरात कोणावर आळ घेतला तर लगेच खरा मानला जातो. ही समज त्यानं घरातूनच उचलली होती.

समोर असलेले पर्याय

बाबांना अद्दल घडवायची होती. महिनाभर सायकल बंद आणि दोन फटके. त्यांनी मला विचारलं, "शाळेत मारायचं बंद झालं म्हणून घरातही बंद करायचं का?" शाळेत ते 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं बंद झालं हे खरं, पण माझं उत्तर कायद्याचं नव्हतं. मी म्हटलं, सायकलीचा आणि पाण्याचा काय संबंध? सायकल गेली की तो महिनाभर सायकलीचा विचार करेल. नर्सबाईंची टाकी रिकामीच राहील आणि मावशी घरीच बसतील. अद्दल घडवली की आपला राग उतरतो. विस्कटलेलं मात्र विस्कटलेलंच राहतं.

फटक्यांबद्दल एक गोष्ट मी जपून सांगितली. कॅनडात मॅकगिल विद्यापीठात 4 ते 8 वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग झाला, तो 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना खेळण्याकडे वळून बघू नका असं सांगून खोलीत एकटं सोडलं. बहुतेकांनी बघितलं, आणि बघितलेल्यांतल्या साधारण दोन तृतीयांश मुलांनी खोटं सांगितलं. शिक्षेची धास्ती दाखवली होती ती मुलं खरं कमी बोलली. खरं सांगितलंस तर मला बरं वाटेल, किंवा खरं सांगणं योग्य आहे, असं ज्यांना म्हटलं ती जास्त बोलली. आदू जिन्यात उभा असताना त्याला ऐकू आला तो आजींचा चढलेला आवाज.

आजोबांचं म्हणणं, "पोर आहे. मावशीला दोनशे रुपये द्या, सॉरी म्हणू द्या, विषय संपवा." प्रेमापोटीच होतं ते. पण त्यात मावशींचं दुखणं दोनशेचं ठरत होतं, आणि आदूला इतकंच कळलं असतं की मोठे पैसे देऊन मिटवतात.

आईनं आपण होऊन वेगळं सुचवलं. परिणाम त्याचा त्यालाच भोगू द्यावा, चार दिवस आंघोळीला अर्धी बादली. ही जुनी, वजनदार कल्पना आहे. अठराव्या शतकात फ्रेंच भाषेत लिहिणाऱ्या रूसो या विचारवंतानं म्हटलं होतं की मुलानं खिडकीची काच फोडली तर लगेच बसवू नका, गार वारा लागू द्या. मला ही कल्पना आवडते, मुलानं डबा विसरला किंवा स्वेटर नेला नाही की मी तीच वापरते. पण तिथे थंडी काच फोडणाऱ्यालाच वाजते. आदूच्या घरी गच्चीवरची टाकी भरलेली होती. पाणी गेलं खालच्या बाळाचं, बोलणी बसली मावशींना. त्याला अर्ध्या बादलीत बसवणं म्हणजे परिणामाचं सोंग, आणि मुलांना सोंग लगेच कळतं.

उरला तो पर्याय आपल्या भाषेत आहेच. निस्तरणं. कोणाचं काय बिघडलं, ते कोणकोणत्या हातांनी आणि किती सावरता येईल, हे मुलाबरोबर बसून ठरवायचं. आणि मोठ्यांनी जे बिघडवलं ते मोठ्यांनी निस्तरायचं, मुलाच्या डोळ्यांदेखत.

काय केलं

पहिला निर्णय प्रश्नाचा होता. आई म्हणाली, "आधी त्याला विचारते, खरं सांगतो का बघते." मी नको म्हटलं. आपल्याला उत्तर माहीत असताना "तोटी कोणी उघडी ठेवली?" विचारणं हा सापळा आहे. मूल पुन्हा खोटं बोलतं, मग आपण त्याला दोनदा पकडतो, आणि मूळ गोष्ट बाजूलाच राहते.

रविवारी संध्याकाळी ती धरणापाशी जाऊन बसली आणि आदूला हाक मारली. म्हणाली, "तुझं धरण पाहिलं. नऊ दरवाजे केलेस."

बराच वेळ तो काड्यांकडे बघत होता. मग म्हणाला, "सत्तावीस होणार होते. काड्या संपल्या."

"आणि पाणी?"

"ते पण संपलं," तो म्हणाला आणि रडायला लागला. आईनं रडू दिलं. नंतर जे म्हणाली ते आम्ही फोनवर ठरवलं नव्हतं, तिला सुचलं: "तोटी राहिली ते विसरणं होतं. माझ्याकडूनही राहते. पण मावशींचं नाव घेतलंस ते विसरणं नाही. त्यांना आजी खूप बोलली. त्या आज आल्या नाहीत."

आदूनं विचारलं, "मग भांडी कोणी घासली?" आई म्हणाली, "मी." मला वाटतं, मावशी आल्या नाहीत याचा अर्थ त्याला तिथे कळायला लागला.

मग दोघांनी मोजलं, कोणाचं काय गेलं. नर्सबाईंचं पाणी, म्हणून त्यांना पिण्याचे तीन जार विकत आणावे लागले. मावशींना बोलणी बसली. जारचे पैसे त्याच्या गल्ल्यातून द्यायचे का? आजोबांना हे पटत होतं. मी विरोध केला. साडेसहाव्या वर्षी पैसा म्हणजे खुळखुळा, त्यातून श्रम कळत नाहीत. पैसे बाबांनी द्यावेत, पण आदूनं सोबत जावं आणि नर्सबाईंना काय झालं ते स्वतः सांगावं. तसंच झालं. नर्सबाईंनी त्याला लंगोटांची बादली दाखवली आणि एवढंच म्हणाल्या, "हे धुवायला पाणी नव्हतं रे."

गल्लीच्या टोकाला एका घरी बोअर आहे, ते लोक गरजेला पाणी देतात. तिथून खालच्या घरी पाणी आणायचं ठरलं. आदूसाठी पाच लिटरचा कॅन, सोबत आईचा हंडा. आदूनं विचारलं, "पाचशे व्हायला किती फेऱ्या?" आईनं हिशेब केला, शंभर. तो म्हणाला, "मी शंभर करणार."

या जागी आईनं मला पुन्हा फोन केला, आणि तो तिनं केला हे फार बरं झालं. मूल पेटून शंभर म्हणतं आणि आपल्याला भरून येतं. पण शंभर खेपा त्याला झेपणार नव्हत्या. पंचविसाव्या खेपेला त्याच्या मनात नर्सबाईंचं बाळ उरलं नसतं, फक्त दुखणारा हात उरला असता. रोज चार, बुधवारी पाणी येईपर्यंत, एकूण बारा खेपा ठरल्या. बारा झाल्या की संपलं, त्यानंतर घरात हा विषय कोणी काढायचा नाही, हेही त्याला सांगून ठेवलं. मुलाला काम किती ते जसं कळावं, तसं ते संपणार कधी हेही कळावं.

सर्वात अवघड होतं आजींचं. आई म्हणाली, "आई, तुम्हाला मावशींकडे यावं लागेल." आजी म्हणाल्या, "मी याच्या सांगण्यावरून बोलले. यानं माफी मागावी." मी आजींशी स्वतः बोलले. पटवायला गेले नाही, फक्त विचारलं, त्या शनिवारी मावशींना आधी विचारलं असतं तर? आजी गप्प झाल्या. मग लातूरचं सांगत राहिल्या, पाण्यासाठी रात्री रांगेत उभं राहिल्याचं. शेवटी म्हणाल्या, "मंगळवारी जाऊ."

मावशींच्या वस्तीत दहा-बारा घरांना एक नळ आहे. आजी, आई आणि आदू गेले तेव्हा मावशी दारात घागरी विसळत होत्या, एकीचं पाणी दुसरीत ओतून, थेंबही न सांडता. आजी उभ्यानंच म्हणाल्या, "मी न विचारता बोलले. माझं चुकलं. पैसे कापणार नाही आणि हे खाडेही धरणार नाही."

मावशींनी आदूला जवळ बोलावलं. "माझं नाव का घेतलंस?"

आदू म्हणाला, "तुम्ही तिथे नव्हता म्हणून."

आई सांगते, कोणालाच काही बोलता येईना. मावशींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि आजींकडे बघून म्हणाल्या, "हा लहान आहे काकू. तुम्ही मला विचारायचं होतं." आदूनं आपलं "चुकलं" त्यानंतर म्हटलं, कोणी न सांगता.

कुठे अडलो

सोमवारी रात्री बाबा भावाशी स्पीकरवर बोलत होते. कौतुकानंच म्हणाले, "आमच्या इंजिनिअरनं धरण फोडून गाव बुडवलं!" तिकडून हसण्याचा आवाज आला. आदू खोलीत निघून गेला आणि मंगळवारी सकाळी कॅन घ्यायला तयार होईना. "मी नाही येणार. सगळे हसतात." सकाळच्या दोन खेपा झाल्याच नाहीत.

आपण काहीतरी चुकीचं केलं हे वाटणं एक, आणि आपणच वाईट किंवा हास्यास्पद आहोत हे वाटणं दुसरं. पहिल्यानं मूल दुरुस्तीकडे वळतं, दुसऱ्यानं तोंड लपवतं. मानसशास्त्रात या दोन भावना वेगळ्या करून दाखवणारं बरंच काम अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जून टँगनी यांनी केलं आहे. आदूच्या बाबतीत हा फरक एका रात्रीत दिसला. रविवारी शंभर खेपा मागणारा मुलगा मंगळवारी एका खेपेला नाही म्हणत होता. बाबांनी त्याच दुपारी भावाला पुन्हा फोन लावला, आदूसमोर, आणि म्हणाले, "काल मी थट्टा केली ते बरं नाही झालं. तो रोज पाणी आणून देतोय." संध्याकाळी आदूनं कॅन उचलला आणि तिथूनच सगळे मावशींकडे गेले. सकाळच्या दोन खेपा राहिल्या त्या राहिल्याच. त्या वसूल करायच्या का, यावर आई आणि मी बोललो आणि सोडून दिलं, कारण त्या चुकल्या आमच्यामुळे.

एक चूक माझी. सोमवारी परिसर अभ्यासात पाण्याचा पाठ होता. मी सहज विचारलं, "कोणाच्या घरी कधी पाणी वाया गेलं का?" चाळीस मुलांत आदूची मान खाली गेली. मला सगळं माहीत होतं, तरी मी तो प्रश्न त्याच दिवशी विचारला. पाठ पुढच्या आठवड्यात घेता आला असता.

काय निष्पन्न झालं

बुधवारी रात्री अडीचला पाणी आलं. आदूनं उठवायला सांगून ठेवलं होतं, आईनं उठवलं. टाकी भरेपर्यंत तो ओट्यावर बसून होता आणि भरल्यावर झाकण त्यानंच लावलं. त्याच्या एकूण दहा खेपा झाल्या होत्या, पन्नास लिटर. मावशी शुक्रवारी कामावर आल्या.

आजींचं म्हणणं होतं की आता त्याला टाकीजवळ फिरकू द्यायचं नाही. हाही एक निर्णयाचा क्षण होता. इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसोरींनी 1907 मध्ये रोमला बालगृह (लहान मुलांची शाळा) सुरू केलं, तिथे लहान मुलांच्या हातात खरी, फुटणारी भांडी दिली जायची, कारण काळजी घ्यायला शिकायचं तर ती घेण्याजोगी वस्तू हातात हवी. आदूला उलट तोटीचंच काम दिलं. रोज संध्याकाळी बंद आहे का ते बघायचं. वाळूतल्या धरणासाठी दोन तांबे पाणी मिळेल, मोजून, भाजी धुतलेलं. दोन तांब्यांत कालवा कसा चालवायचा यावर त्याचे आठवडाभर प्रयोग चालले.

महिन्याभरानं आईचा फोन आला. घरात लोणच्याची छोटी बरणी फुटली होती. एरवी आदू म्हणाला असता, "बरणी फुटली." आपल्या भाषेत ही सोय मोठी आहे. ग्लास पडतो, तोटी राहते, बरणी फुटते, करणारा कुठेच नसतो, आणि आपण मोठेही असंच बोलतो. त्या दिवशी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, "आई, माझ्याकडून बरणी फुटली. तू चपला घालून ये." मुद्दाम फोडली नाही हे त्यात आहे, आणि मी होतो हेही आहे. आईनं झाडू घेतला, सुपली त्याच्या हातात दिली.

तो एकदम बदलला असं मी म्हणणार नाही. जूनमध्ये दुसरीच्या वर्गात त्यानं पेन्सिल मोडल्याचा आळ शेजारच्या मुलीवर टाकला. मी म्हटलं, "तिला विचारूया." तेवढ्यावर तो म्हणाला, "नको, मीच." शनिवारी जिन्यात असं कोणी म्हटलं असतं, तर बरंच टळलं असतं.

पुन्हा अशी वेळ आली तर

तीन गोष्टी मी वेगळ्या करेन. पहिली अगदी घरगुती आहे. तोटी मुलाच्या हाताला येईल अशी होती आणि तिला कुलूप बसवता आलं असतं. सगळी टाकी रिकामी होऊ शकते अशा ठिकाणी साडेसहा वर्षांच्या मुलाच्या आठवणीवर भरवसा ठेवणं ही मोठ्यांची चूक. या घरात ती कोणी आपली म्हणून सांगितली नाही, मीही सुचवलं नाही. आदूला निस्तरायला लावताना आजोबांनी तोटी बदलली असती, तर त्याला आणखी एक माणूस आपला वाटा उचलताना दिसला असता.

दुसरं, मंगळवारच्या सकाळी मी आईला सांगितलं होतं की त्याला समजावून न्या. तसं करायला नको होतं. हसण्याचा घाव ताजा असताना समजावणं म्हणजे आणखी बोलणं. बाबांच्या दुरुस्तीची वाट पाहायला हवी होती.

तिसरी गोष्ट मला अजून सलते. मावशींकडे जायचं ठरवताना आम्ही दिवस ठरवला, कोण जाणार ते ठरवलं, आधी कोण बोलणार तेही ठरवलं. आम्ही येऊ का, हे मावशींना कोणी विचारलं नाही. मुलाला धडा मिळावा म्हणून आम्ही तिघांना त्यांच्या दारात नेऊन उभं केलं, भर वस्तीत, संध्याकाळी, शेजारीपाजारी बघत असताना. त्यांनी मोठ्या मनानं निभावलं. पण माफी मागायला जाणाऱ्यानं समोरच्याची सोय बघायची असते, हेही आदूला त्याच वेळी दाखवता आलं असतं. मी लिहायच्या आधी त्यांची परवानगी घ्यायला गेले, तेव्हा हे त्यांना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आलात ते बरं झालं. पण फोन केला असता तर चहा तरी टाकून ठेवला असता."

मावशी अजून त्याच घरी काम करतात. आजींशी बोलणं कामापुरतं आहे, पूर्वीसारखं भाजी निवडत बसणं राहिलेलं नाही. एक नवी पद्धत मात्र त्यांनी सुरू केली आहे. शेवटचं भांडं पालथं घातलं, पाइप खिळ्याला लावला की त्या वर तोंड करून हाक मारतात, "आदू, ये रे." आदू असेल तिथून खाली येतो. मावशी बाजूला होतात. तो तोटीला हात लावून ती पिळून बघतो आणि आजींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगतो, "बंद आहे!" मग त्या चपला घालतात आणि निघतात.